चाळीस सेकंद

नागाळा पार्कात शिंत्रे डॉक्टरीणबाईंच्या वरच्या मजल्यावर
दांडेलीच्या सागाची जमीन, खाली उतरणारा एकवीस पायऱ्यांचा जिना.
पॉलिशचा तिसरा हात वाळला आणि फोन आला:
"गुंडूमिस्त्री, पाच वाजता या.
सकाळी नको. पाचलाच या."

पाचला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आडवं येतं,
जमिनीला गाल लावून,
आणि दुपारभर गप्प बसलेलं लाकूड सगळं सांगून टाकतं:
इथं मशीन घाईनं वळवलं, इथं पेपर फाटका होता,
इथं ऐंशी नंबरवरून थेट दोनशेवीसवर उडी मारली
कारण एकशेवीसचा गठ्ठा दुकानातच राहिला होता.

भिंतीकडेनं चकल्या.
बाईंच्या नातवानं मोजल्या, सत्तावीस.
अकराव्या पायरीवर ओरखडे,
रेषा उभा असताना सत्ताप्पानं हात आडवा चालवलेला.
"तवा दिसत नव्हतं की मिस्त्री," तो म्हणाला.
खरंच होतं. कोरं लाकूड पोटात ठेवतं,
पॉलिश चढलं की चुगलखोर होतं.

अण्णाप्पा मिस्त्री, ज्यांच्या हाताखाली मी
पहिली दोन वर्षं नुसता भुसा झाडला,
ते पॉलिशआधी ओलं फडकं फिरवायचे,
कंदील जमिनीवर ठेवायचे आणि शेजारी पालथे पडायचे.
म्हातारा लाकडाच्या पाया पडतोय, म्हणून आम्ही हसायचो.
काल मी पालथा पडलो, मोबाईलची बॅटरी लावून.
सत्ताप्पा हसला नाही. त्याला पगाराची काळजी असावी.

इथं ठिगळ चालत नाही.
एका ओरखड्यासाठी अख्खी पट्टी उघडी करायची,
सांध्यापासून सांध्यापर्यंत,
नाहीतर चुकीपेक्षा दुरुस्तीच मोठी दिसते.
मशीन जिन्याखाली ढकललं.
पोलादी पातं दोन्ही अंगठ्यांनी किंचित वाकवून
आपल्याकडं ओढत राहिलो.
कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघते,
आणि वास येतो, झाड कालच पडल्यासारखा.
कोपऱ्यांत पटाशी उलटी धरून, श्वास रोखून.
दिवसाला पाच पायऱ्या. चौथ्या दिवशी
मीच जिना बसून उतरलो.

मग जमिनीवर शिसपेन्सिलीनं नागमोडी रेघा मारल्या,
पोरं वही खराब करतात तशा, आणि घासत गेलो.
उंच जागची रेघ आधी जाते, खोल जागची राहते.
खिडकीपासून चार हातांवर, पुरीएवढ्या जागेत,
रेघा जाईनातच.

"हे कशानं झालं?" बाईंनी विचारलं.
लाकूड मऊ असेल तिथं, मी म्हणालो.

मला आठवत होतं.
त्या दिवशी तिथंच फोन आला. मशीन चालू,
एका हातात त्याची मूठ, कानाला शेवंता:
"गॅसचं पुस्तक कुठं ठेवलंयसा?"
कपाटात? ट्रंकेत? देवाच्या फोटोमागं?
चाळीस सेकंद मी आमच्या दोन खोल्या हुडकत हिंडलो
आणि मशीन एका जागी उभं राहून साग खात होतं.

असा खळगा भरला तर डाग दिसतो.
भोवतालचं लाकूडच खाली आणावं लागतं,
दोन हात लांबून उतार देत,
इतक्या सावकाश की अनवाणी पायालाही कळू नये.
अर्ध्या सुताची खोली. दीड दिवस.

वरून पुन्हा दोन हात मारले. वाळले.
पाच वाजले. बाई वाकून बघत राहिल्या, मग चहा सांगितला.
नातवानं खिशातली गोटी काढली आणि सोडली.
खिडकीजवळ ती किंचित रेंगाळली,
काहीतरी विसरल्यासारखी,
आणि गेली पुढं जिन्याकडं, टक टक टक, एकवीसवेळा.
पोरगं माझ्याकडं बघून हसलं. बोललं नाही.

पुस्तक फ्रीजवर होतं, म्हणे.